वाचनाच्या वहीत दिवाळी अंकाचं खातं कुठे?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की वाचणाऱ्या मंडळींचे वार्षिक ताळेबंद बाहेर पडतात. कुणाची ५२ पुस्तकं झालेली असतात, कुणाची शंभरी भरलेली असते, कुणी ‘यंदा जरा कमीच झालं’ म्हणत चाळिसाचा आकडा टाकतं आणि खाली अभिनंदनाची रांग लागते. आकड्याखाली मुखपृष्ठांची चौकट असते. खरी गंमत तिच्यात आहे. ती नीट पाहिली तर बहुतेक वेळा कळतं की माणूस वर्षभर एकाच फळीपाशी उभा होता. ऐतिहासिक कादंबऱ्या म्हणजे ऐतिहासिक कादंबऱ्याच. नाहीतर यश, सवयी आणि श्रीमंतीचे मंत्र देणारी भाषांतरं, एकामागून एक. कविता औषधालाही नाही. नाटक नाही, विज्ञान नाही, आपल्या जिल्ह्याबाहेरच्या कुणाचं आत्मचरित्र नाही.

यात वाईट काय, असं कुणी विचारेल. काहीच नाही. ज्याला जे आवडतं ते त्याने वाचावं, तिसऱ्याने मध्ये पडू नये. पण संकल्प म्हणून चार लोकांना सांगितलेली गोष्ट निराळी. जे आपसूक होत नाही त्याच्यासाठी संकल्प करायचा असतो. कादंबरीवेडा माणूस कादंबरी वाचतोच, त्यासाठी १ जानेवारीला नारळ फोडायची गरज नाही. म्हणून माझं म्हणणं असं आहे की वाचनाचा संकल्प करावा, त्याची नोंदही चोख ठेवावी, पण हिशेब प्रकारांचा ठेवावा. एकूण किती पुस्तकं झाली हा रकाना वहीतून काढून टाकला तरी काही बिघडत नाही. आणि प्रकार कुठले धरायचे हे मराठी वाचकाने आपल्या ग्रंथालयातली कपाटं बघून ठरवावं, बाहेरून आलेली छापील यादी बघून नाही.

आकड्याचं खूळ पसरलं ते अर्थात इंटरनेटमुळे. वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायची सोय देणाऱ्या गुडरीड्स या साइटने २०११ मध्ये वार्षिक चॅलेंज सुरू केलं. तुम्ही वर्षाचा आकडा ठरवायचा, पुस्तक संपलं की नोंदवायचं, पट्टी पुढे सरकते. मागे पडलात तर किती पुस्तकांनी मागे आहात हेही ती सांगते. २०१३ मध्ये ॲमेझॉनने गुडरीड्सच विकत घेतलं. पुस्तकं विकणाऱ्याला तुमची किती पुस्तकं संपली यात रस असणारच, त्याला दोष कशाला द्या? प्रश्न आपला आहे. दुकानदाराची मोजपट्टी आपण आपल्या वाचनाला का लावून घेतली?

ती लावली की काय होतं ते नोव्हेंबरात बघावं. मागे पडलेली मंडळी बारीक पुस्तकं हुडकू लागतात आणि बळी जातो कवितेचा. ८० पानांचा संग्रह एका बैठकीत ‘संपतो’, चौकटीत आणखी एक मुखपृष्ठ बसतं. ज्या कवितेपाशी पंधरा दिवस घुटमळावं ती दादर ते ठाणे या प्रवासात उलटून होते. उलट ९०० पानांच्या कादंबरीला कुणी हात लावत नाही, कारण ती दीड महिना खाणार आणि मोजली जाणार एक. दोन्ही पुस्तकांवर अन्यायच.

मोजून वाचणं आपल्याला नवीन आहे असंही नाही. गुरुचरित्राचा सप्ताह होणाऱ्या कुठल्याही घरात विचारा. कोणत्या दिवशी कुठवर वाचायचं हे ठरलेलं असतं. रूढ पाठात पहिल्या दिवशी ९ अध्याय, दुसऱ्या दिवशी २१ पर्यंत, मग २९, मग ३५. पाचव्या दिवशी मात्र तीनच, ३६ ते ३८. कारण ३६वा अध्याय आचारधर्माचा. तो एकटा कितीतरी अध्यायांना भारी पडतो. ज्याने कुणी ही वाटणी बसवली त्याला पक्कं ठाऊक होतं की सगळे अध्याय सारखे नसतात. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवा, मोजणीतला हा समंजसपणा तेवढा घ्या. शिवाय पारायणात तोच ग्रंथ पुन्हा वाचण्याला मान आहे. आकड्यांच्या शर्यतीत पुन्हा वाचलेलं पुस्तक म्हणजे वाया गेलेला आठवडा.

प्रकारांवर भर देणारी चॅलेंजेस इंग्रजीत आहेतच. बुक रायट या साइटचं ‘रीड हार्डर’ २०१५ पासून चालू आहे. त्यात किती वाचायचं हे गौण, काय काय वाचायचं त्याची यादी मुख्य. कल्पना उत्तम आहे. पण त्या घराण्यातल्या याद्यांमध्ये चौकटी कुठल्या असतात? ग्राफिक नॉव्हेल, रोमान्स, मायक्रोहिस्टरी, किशोरवयीनांची कादंबरी. इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात ज्या नावाच्या फळ्या असतात त्या. मराठी वाचक ही यादी घेऊन ग्रंथालयात गेला तर अर्ध्या चौकटी रिकाम्या राहणार. मग त्या भरायला तो इंग्रजीकडे वळणार आणि वर्षाखेरीस म्हणणार की मराठीत व्हरायटीच नाही. हे वाक्य मी बऱ्यापैकी वाचणाऱ्या लोकांच्या तोंडून ऐकलं आहे आणि दर वेळी मला त्याचा राग येतो.

मराठीत बखर आहे, पोवाडा आहे, ओवी-अभंग आहेत, जात्यावरच्या गाण्यांची संकलनं आहेत. संगीत नाटकाच्या संहिता आहेत, एकांकिका आहेत. ललित निबंध हा प्रकार आपल्याकडे जितका पिकला तितका थोड्याच भाषांत पिकला असेल. दलित आत्मकथनांनी तर आत्मचरित्र या प्रकाराची मांडणीच बदलून टाकली. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडीतलं लेखन आहे. कन्नड आणि बंगालीतून थेट मराठीत आलेले अनुवाद आहेत. कोशवाङ्मय आहे. वाईच्या मराठी विश्वकोशाचे २० खंड झाले, पहिला १९७६ मध्ये निघाला होता. एखाद्याने वर्षभर रोज रात्री विश्वकोशातली एक नोंद वाचली, तर गुडरीड्सच्या पट्टीवर त्याचं वाचन शून्य. माझ्या मते तो त्या वर्षीचा सगळ्यात वैविध्याने वाचणारा माणूस असू शकतो.

आणि दिवाळी अंक? का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून शतक उलटून गेलं. मराठी माणसाचा वर्षातला सर्वांत मोठा वाचनाचा हंगाम आजही तोच आहे. वाचनालयं त्यासाठी वेगळी वर्गणी घेतात. अंक आले की प्रत्येकाला जाड कव्हर चढतं, वर ठसठशीत क्रमांक पडतो, आणि ‘अमका आला का?’ म्हणत लोक काउंटरपाशी थांबून राहतात. होळी आली तरी अंक फिरत असतात. तोवर कव्हरचे कोपरे दुमडलेले, मधलं एखादं पान सुटं झालेलं, शब्दकोडं कुणीतरी पेनाने अर्धवट सोडवलेलं. एकेका अंकात आठ-दहा कथा, एक दीर्घकथा, परिसंवाद, दोन मुलाखती, व्यक्तिचित्रं, प्रवासलेख, व्यंगचित्रं, कवितांची पानं आणि शेवटी राशिभविष्य. एखादा वाचक असे पंधरा अंक वाचतो. त्याच्या चॅलेंजमध्ये यातलं काहीही धरलं जात नाही, कारण दिवाळी अंक म्हणजे पुस्तक नव्हे. हा नियम कुणी केला? आपण तरी नाही. मी तर म्हणतो, दिवाळी अंकाची नोंद अंकवार न करता लेखवार करावी. दीर्घकथा कथेच्या खात्यात, मुलाखत मुलाखतीच्या, परिसंवाद वैचारिकमध्ये. मग दिसेल की तुम्ही अंक ‘वाचले’ म्हणजे नेमकं काय वाचलं. अनेकांच्या बाबतीत उत्तर असेल: विनोद आणि भविष्य. असू दे, पण ठाऊक असलेलं बरं.

खाती पाडली की सरहद्दीवरचे वाद येणार. यायलाच हवेत, त्यातच मजा आहे. गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ कुठे टाकाल? वरसईचे विष्णुभट दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेत गेले, १८५७च्या धुमाळीत सापडले, झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. त्यांचं लेखन छापून आलं ते १९०७ मध्ये. हे प्रवासवर्णन, की आत्मकथन, की इतिहासाचं साधन? लीळाचरित्राचं तसंच. चरित्राच्या कपाटात ठेवावं तर तो महानुभावांचा पूज्य ग्रंथ, धार्मिकमध्ये ठेवावं तर मराठी गद्याचा अभ्यास करणारा तिकडे फिरकणार नाही. ग्रंथपालाला यातून एकच क्रमांक निवडावा लागतो, कारण पुस्तक एका वेळी एकाच फळीवर बसतं. वाचकाच्या वहीवर तशी सक्ती नाही. दोन खात्यांत लिहा, तीन खात्यांत लिहा. कुठल्या खात्यात लिहावं याचा विचार करताना पुस्तकाबद्दल चार गोष्टी मनाशी नक्की होतात. शाळकरी सारांश लिहूनही होणार नाहीत इतक्या.

मिश्र वाचनाची मला माहीत असलेली एक देखणी नोंद पुण्यातच, येरवड्याच्या तुरुंगात झाली. मार्च १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली. आजारपण आणि ससूनमधलं अपेंडिक्सचं ऑपरेशन यानंतर फेब्रुवारी १९२४ मध्ये त्यांना सोडण्यात आलं. मधल्या काळात त्यांनी तुरुंगातल्या रोजनिशीत कोणतं पुस्तक कधी वाचून झालं याच्या नोंदी ठेवल्या, आणि सुटल्यावर ‘यंग इंडिया’त तुरुंगातले अनुभव लिहिताना त्या वाचनाबद्दल सविस्तर लिहिलं. महाभारत आहे, गिबनने लिहिलेला रोमन साम्राज्याचा इतिहास आहे, गटेचं ‘फाउस्ट’ आहे आणि त्यांच्याच पंगतीला ज्यूल व्हर्नची साहसकथाही आहे. पुस्तकं जड की हलकी याची प्रतवारी नाही. फावला वेळ तुरुंगात मिळतो तेवढा बाहेर कुणाला मिळत नाही, हे कबूल. पण फावला वेळ असलेले सगळेच असं वाचत नाहीत. मला त्यातलं विशेष हे वाटतं की नोंद ठेवणारा माणूस स्वतःला तपासण्यासाठी ती ठेवत होता. प्रेक्षक नव्हते.

नोंद कशी ठेवावी यावर लोक फार वेळ घालवतात. ॲप की एक्सेल की वही, रंगीत पेनं, स्टिकर. यातलं काहीही चालेल. ॲपमध्ये मराठी पुस्तकांचे हाल असतात हे मात्र खरं. एकाच लेखकाचं नाव देवनागरीत वेगळं आणि रोमनमध्ये वेगळं, म्हणून एका माणसाचे दोन लेखक झालेले. पानांची संख्या गायब. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, नाही म्हणून ती सापडतच नाहीत. ग्रंथालयातल्या, पुन्हा बांधणी झालेल्या, पहिली चार पानं उडालेल्या प्रतीवरून प्रकाशनवर्ष शोधून भरत बसण्यापेक्षा दोनशे पानी वही सोपी.

रकाने कुठले हे जास्त महत्त्वाचं. नाव, लेखक, प्रकार हे तर आलेच. माझ्या वहीत आणखी दोन आहेत आणि मला त्यांचाच उपयोग जास्त होतो. एक, पुस्तक कुणामुळे हातात आलं. दुसरा, कुठे सोडलं. पहिला रकाना सहा महिने भरला की दिसतं की आपलं वाचन आपण ठरवतो हा बराचसा भ्रम आहे. दोन मित्र, एक रविवारची पुरवणी आणि सेलमध्ये काय स्वस्त होतं, एवढ्यावर ते चालतं. प्रकार बदलूनही माणसं तीच राहिली तर वैविध्य कागदावरच उरतं. कादंबरीही पुण्या-मुंबईच्या लेखकाची, कविताही, प्रवासवर्णनही! दुसऱ्या रकान्यात ‘सोडलं, पान ८४’ असं लिहायला लाज वाटायचं कारण नाही. संख्येच्या हिशेबात अर्धवट पुस्तक मोजत नाहीत, म्हणून लोक कंटाळवाणं पुस्तक दात-ओठ खाऊन संपवतात किंवा चक्क संपवल्याचं सांगतात. प्रकारांच्या हिशेबात अर्धवट पुस्तकालाही जागा आहे. विज्ञानाच्या खात्यात तीन पुस्तकं, तिन्ही सोडलेली, ही माहिती कामाची आहे. पुढचं पुस्तक निवडताना मग मुलांसाठी लिहिलेलं सोपं पुस्तक आधी घ्यावं, एवढं शहाणपण येतं.

यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. नुकतं वाचायला लागलेल्या मुलीला, दिवसभर राबून रात्री अर्धा तास मिळणाऱ्या बाईला, आकडा सोबत करतो. ‘या महिन्यात दोन झाली’ यात आनंद आहे आणि तो खोटा नाही. तिथे प्रकारांचं ओझं घालू नये. आधी वाचनाची गोडी लागू दे, आणि गोडी बहुतेकांना एकाच प्रकारातून लागते, रहस्यकथेतून लागली तरी बिघडत नाही. माझं भांडण आहे ते पाच-दहा वर्षं आकडे मिरवणाऱ्यांशी आणि त्याहून जास्त, आकड्यांवर वाचनसंस्कृती उभी करू पाहणाऱ्या सरकारी-निमसरकारी उपक्रमांशी.

ऐकलेली पुस्तकं धरायची का, हा वाद मला पोकळ वाटतो. ज्यांच्या आज्या कीर्तनातून महाभारत शिकल्या त्यांनी तरी तो घालू नये.

तर सरकार. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, २०१५ पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. शाळांसाठी महावाचन उत्सव झाला; मुलांनी पुस्तक वाचायचं, त्यावर लिहायचं आणि ते पोर्टलवर चढवायचं. २०२३ पासून पुण्यात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो. तिथे पुस्तकांची विक्री जोरात होते ही आनंदाची गोष्ट, सोबत विश्वविक्रमही होतात. या सगळ्यांच्या बातम्या वाचा. किती शाळा, किती विद्यार्थी, किती जण एका वेळी वाचत बसले. काय वाचत होते, हा तपशील शोधून सापडत नाही. शिक्षकाला आकडा वर पाठवायचा असतो, तो जातो. पुस्तकावरचं लिखाण आयतं मिळण्याच्या जागाही आता मुलांना शिक्षकांपेक्षा जास्त माहीत आहेत.

गंमत अशी की दुसरी वाट याच सरकारने दाखवलेली आहे. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधल्या भिलारला २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं. तिथे सगळी पुस्तकं एका इमारतीत कोंबलेली नाहीत. गावातल्या घराघरांत विभागून ठेवलीत, आणि विभागणी प्रकारांनुसार आहे. एका घरी कविता, एका घरी चरित्रं, कुठे बालसाहित्य, कुठे इतिहास. दिवाळी अंकांनाही तिथे घर मिळालं आहे. एका प्रकाराकडून दुसऱ्याकडे जायचं तर चालत जावं लागतं, वाटेत स्ट्रॉबेरीची शेतं लागतात. वाचनाच्या नोंदीचा याहून चांगला नकाशा कुणी काढलेला मला माहीत नाही. भिलारला जे सुचलं ते शाळांच्या उपक्रमात का सुचत नाही? ‘या महिन्यात पाच पुस्तकं वाचा’ ऐवजी ‘आजवर ज्या कपाटाला हात लावला नाही त्यातलं एक घेऊन या, नाही आवडलं तर परत ठेवा’ असं मुलांना सांगायला कुठलाही शासन निर्णय आड येत नाही.

ग्रंथालयांकडे तर ही सामग्री पडूनच आहे. राज्यात १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालयं ११-१२ हजारांच्या घरात आहेत. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग पडतात आणि वर्गानुसार अनुदान ठरतं. वर्ग ठरताना ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिकं, कामाचे तास असं बघितलं जातं. साहजिकच कार्यकारिणीचं लक्ष ग्रंथसंख्येकडे. मार्चअखेर स्वस्तातली पुस्तकं घेऊन आकडा गाठायचा, हा प्रकार या क्षेत्रातल्या लोकांना मी सांगायला नको. वाचकाने गुडरीड्सवर जे केलं तेच ग्रंथालयाने अनुदानासाठी केलं. मात्र देवघेवीच्या काउंटरवर रोज नोंद होतेच. कुठल्या कपाटातलं पुस्तक बाहेर गेलं, कुठल्या कपाटातलं वर्षभर हललं नाही, हे त्या नोंदीत आहे. संगणकीकरण झालेल्या ठिकाणी तर तो तक्ता निघायला फार वेळ लागू नये.

माझी सूचना अशी की वार्षिक सभेपुढे जमाखर्चासोबत हा तक्ताही ठेवावा, वर्ग ठरवताना त्याला थोडंफार वजन द्यावं, आणि सभासदाने मागितली तर त्याची स्वतःची वर्षभराची प्रकारवार यादी त्याला द्यावी. फक्त त्याची त्यालाच. कोण काय वाचतो हे दुसऱ्या कुणाला कळता कामा नये. धार्मिक, राजकीय, लैंगिक आरोग्यावरची पुस्तकं नेणाऱ्याच्या नावाची चर्चा काउंटरवर झाली तर तो पुन्हा यायचा नाही. तक्त्यात नावं नकोत, कपाटं पुरेत.

समजा, तालुक्याच्या एखाद्या क वर्ग वाचनालयात या तक्त्यावरून निघालं की नाटकाचं कपाट वर्षात कुणी उघडलंच नाही. मग नाटकांची खरेदी थांबवायची, की गावातल्या हौशी मंडळींना बोलावून एखाद्या शनिवारी अभिवाचन ठेवायचं, यावर कार्यकारिणीने खुशाल भांडावं. सध्या त्या सभांमध्ये भांडणं होतात ती पंख्यांच्या दुरुस्तीवरून आणि चहाच्या बिलावरून.